गावाने आपला आकडा वाचावा

(एटापल्ली तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी ठरलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याजोगा आहे. शासनाच्या सांख्यिकी संकेतस्थळांवरून आपल्या जिल्ह्याची, तालुक्याची आणि गावाची आकडेवारी कशी मिळवावी, ती कशी वाचावी आणि कामात तिचा उपयोग कसा करावा, हा तो विषय. सूरजागडच्या परिसरात जमून आकड्यांची चर्चा करणे म्हणजे घराला आग लागली असता भिंतींची लांबी-रुंदी मोजत बसणे होय, असेही कोणी म्हणेल. ही शंका मी थट्टेवारी नेत नाही. तिचे उत्तर देण्यासाठीच आज उभा आहे.

सूरजागड हे नाव मुंबई-पुण्याच्या वाचकाला दोनच कारणांनी माहीत आहे. एक लोखंड आणि दुसरे बंदूक. २००७ साली येथील ३४८.०९ हेक्टर क्षेत्राचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. प्रत्यक्ष उत्खनन सुरू व्हायला २०१६ साल उजाडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाऊणशेच्या आसपास वाहने येथे जाळली गेली. पुढे काम थांबले, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. २०२३ मध्ये खाणीची वार्षिक क्षमता ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली आणि २०२५ मध्ये त्याहूनही मोठ्या क्षमतेला मान्यता देण्यात आली. ठाकुरदेवाचा डोंगर म्हणून ज्याची यात्रा भरते, त्या डोंगराचा हा अलीकडचा इतिहास आहे.

या साऱ्या इतिहासात गोळी आणि डंपर यांचा आवाज सर्वांना ऐकू गेला. परंतु तिसरी एक गोष्ट निःशब्दपणे आपले काम करीत होती. ती म्हणजे कागदावरचा आकडा. किती हेक्टर, किती टन, किती झाडे, किती बाधित कुटुंबे, किती रोजगार, किती विकास. निर्णय झाले ते या आकड्यांच्या आधारे झाले. ज्यांच्या अंगणातून रस्ता जायचा होता, त्यांच्यापैकी हा कागद आधी किती जणांनी वाचला होता? आपला प्रश्न येथून सुरू होतो.

आकड्यांची लढाई ही आपल्या चळवळीला परकी नाही. दादाभाई नौरोजींनी गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात सरकारचेच आकडे घेऊन हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये आहे, हे दाखवून दिले. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी या देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर गुजराण करतात, असे सांगितले. पंडित नेहरूंनी सरासरी पंधरा आणे असल्याचे उत्तर दिले. त्या वादाचे मर्म आजही ताजे आहे. पंधरा आण्यांची सरासरी वरच्या थराचे उत्पन्न खालच्या थराच्या दारिद्र्यात मिसळून तयार झालेली होती. लोहियांचा प्रश्न असा होता की ही सरासरी कोणाची? तिच्यातला तळचा माणूस वेगळा काढून दाखवा. आकडा सरकारचा होता, प्रश्न लोकांचा होता. त्या प्रश्नामुळे दारिद्र्याचे मोजमाप हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

लोहियांच्या काळी असा आकडा शोधायचा तर ग्रंथालयांचे उंबरठे झिजवावे लागत. आज तोच आकडा हातातल्या मोबाइलवर उघडतो. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते आहेत आणि गडचिरोलीची जिल्हा जनगणना पुस्तिका आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे प्रकाशन मराठीत मिळते. शेती, सिंचन, दवाखाने, रस्ते, शाळा, बँका असा सारा संसार त्यात मांडलेला असतो. शाळांची माहिती ‘यू-डायस’ या व्यवस्थेत शाळानिहाय भरली जाते. पर्यावरण आणि वन मंजुरीचे प्रस्ताव २०१८ पासून ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावर येतात. म्हणजे भांडार उघडे आहे. दार कोणते आणि कडी कशी काढायची, एवढेच शिकायचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गावाचा संकेतांक. आपल्या भागातील गावांची नावे माडिया आहेत. ती मराठीत लिहिताना एकदा बदलतात आणि इंग्रजीत लिहिताना दुसऱ्यांदा बदलतात. नाव टंकून शोधावे तर गाव सापडत नाही आणि कार्यकर्ता समजतो की माहितीच नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. नावाचे स्पेलिंग कसेही असो, तो बदलत नाही. आपापल्या गावाचा संकेतांक प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दुसरी गोष्ट, तक्ता उघडल्याबरोबर आकड्याकडे धावू नये. आधी मथळा वाचावा, मग वर्ष, मग रकान्यांची नावे, मग तळटीप. शासनाच्या तक्त्यात खरी गोष्ट पुष्कळदा तळटिपेत दडलेली असते.

आता वाचायचे कसे, याविषयी चार सावधगिरीच्या गोष्टी सांगतो.

पहिली सावधगिरी वर्षाची. संकेतस्थळावर आज जी लोकसंख्या दिसते ती २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सूरजागडचे उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. म्हणजे खाणीचा आजवरचा सारा कारभार दोन जनगणनांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडला आहे. अधिकृत गणतीच्या तक्त्यात जे सूरजागड आहे, ते खाणीपूर्वीचे सूरजागड आहे. बाहेरून आलेले मजूर त्यात नाहीत, बदललेले धंदे त्यात नाहीत. ‘बाधित लोकसंख्या’ म्हणून जेव्हा २०११ चा आकडा पुढे ठेवला जातो, तेव्हा तो कोणत्या सालचा हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. मागे जायचे तर आणखी एक अडचण येते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. १९८१ च्या जनगणनेत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो. जुनी तुलना करणाऱ्याने चंद्रपूरचे तक्ते उघडावेत आणि मध्यंतरी तालुक्यांच्या सीमाही बदलल्या आहेत, हे विसरू नये.

दुसरी सावधगिरी सरासरीची. २०११ मध्ये गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के होते. हा आकडा घेऊन एखादा अधिकारी म्हणेल की हा आदिवासीबहुल जिल्हाही नव्हे. परंतु देसाईगंज आणि भामरागड यांची बेरीज करून काढलेले हे प्रमाण आहे. एटापल्ली-भामरागडात ते याच्या दुपटीच्या आसपास जाते. साक्षरतेचेही तसेच आहे. जिल्ह्याचे प्रमाण ७४ टक्क्यांच्या वर दिसते, पण दक्षिणेकडच्या तालुक्यांची माणसे त्या सरासरीच्या आड उभी आहेत. म्हणून जिल्ह्याचा आकडा दिसला की तालुका मागावा, तालुका दिसला की गाव मागावे आणि गाव दिसले की त्यातल्या बायांचा रकाना वेगळा वाचावा.

सरासरीचा सर्वांत मोठा चकवा पुढे आहे. जिल्ह्याचे उत्पन्न काढताना उत्पादन कोणत्या जिल्ह्यात झाले, हे पाहिले जाते. त्यातला नफा शेवटी कोणाच्या घरी गेला, हे त्यात दिसत नाही. डोंगरातून निघालेल्या खनिजाचे मूल्य गडचिरोलीच्या खाती जमा होईल, लोकसंख्येने भागले जाईल आणि दरडोई उत्पन्न वाढल्याचे तक्त्यात दिसेल. मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या टोपलीत मात्र त्यामुळे एक फूलही वाढलेले नसेल. शेजारच्या चंद्रपूरचे उदाहरण समोर आहे. कोळसा, वीज, कागद यांनी त्या जिल्ह्याचे उत्पन्न वाढवले आणि त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत वरच्या स्थानांवर बसवले. दोन्ही आकडे खरे आहेत. एक वाचायचा आणि दुसरा झाकून ठेवायचा, हा व्यवहार खोटा आहे.

तिसरी सावधगिरी एककाची आणि रकान्याची. जनगणना महसुली गाव मोजते. आपल्याकडे एका महसुली गावात दोन-तीन टोले असतात, कधी त्यांच्यामध्ये नाला असतो, कधी टेकडी. मूळ गावात शाळा असली की तक्त्यात गावाला शाळा आहे. नाल्यापलीकडच्या टोल्यातले मूल पावसाळ्यात त्या शाळेत पोचते की नाही, हे तक्ता विचारीत नाही. १९९६ चा पेसा कायदा मात्र वस्तीला गाव मानतो आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी टोल्यांना स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाटही दिली आहे. कायद्याचे गाव एक आणि आकड्याचे गाव दुसरे, ही विसंगती आपण प्रत्येक बैठकीत दाखवली पाहिजे.

जनगणना पुस्तिकेत सोयी-सुविधांचा एक तक्ता आहे. गावात दवाखाना नसेल तर तो किती लांब, हे तेथे तीन अक्षरांत सांगितले आहे. पाच किलोमीटरच्या आत असेल तर ‘ए’, पाच ते दहा असेल तर ‘बी’ आणि दहाच्या पलीकडे असेल तर ‘सी’. म्हणजे अकरा किलोमीटर चालणारा आणि साठ किलोमीटर बाजेवर वाहून नेला जाणारा रुग्ण एकाच अक्षरात बसवला आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा किलोमीटरांना काही अर्थ उरत नाही, पण ‘सी’ हे अक्षर तसेच राहते. कामगारांच्या रकान्यांतही हेच दिसेल. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. तेंदू, मोह, बांबू, चारोळी यांवर वर्षाचे काही महिने जगणाऱ्या समाजाला या चौकटीत स्वतःचा रकाना नाही. ज्याला रकाना नाही, त्याची भरपाईही पुढे कोणत्या रकान्यात लिहायची, हा प्रश्न निर्माण होतो.

चौथी सावधगिरी आकडा भरणाऱ्याची. आकडा आपोआप उगवत नाही. कोणीतरी तो भरतो आणि भरणाऱ्यावर वरून दडपण असते. बालमृत्यू अधिक दाखवले तर जाब विचारला जातो, म्हणून ते कमी होतात. मुलांचे नव्हे, नोंदींचे प्रमाण घसरते. याच जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेने गावोगावच्या कार्यकर्त्यांकडून जन्म आणि मृत्यू घरोघर जाऊन नोंदवले. पुढे डॉ. अभय बंग आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेला ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये आला. प्रत्यक्षात मरणारी मुले आणि सरकारी दप्तरात मरणारी मुले यांत किती प्रचंड अंतर आहे, हे त्याने महाराष्ट्रापुढे मांडले. शासनाला त्याची दखल घ्यावी लागली. सरकारी आकड्याला लोकांचा प्रतिआकडा उत्तर देऊ शकतो, याचा हा पुरावा गडचिरोलीच्याच मातीत आहे. तो आकडा मोजायला शिकलेल्या साध्या स्त्री-पुरुषांनी गोळा केलेला होता, हे विशेष.

म्हणून माझे प्रमुख म्हणणे असे की संकेतस्थळ ही एक बाजू आहे आणि गावाची वही ही दुसरी. एकट्या संकेतस्थळावर विसंबणारा कार्यकर्ता सरकारच्या चष्म्यातून आपलेच गाव पाहू लागतो. एकट्या वहीवर विसंबणाऱ्याला कचेरीत कोणी विचारीत नाही. दोन्ही शेजारी ठेवून त्यांतला फरक ग्रामसभेपुढे वाचणे, हे खरे काम आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने आपल्याला हा मार्ग पूर्वीच दाखवला आहे. तेथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट असे. गाव आधी विषय समजून घेई, मग निर्णय करी. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. पुढे या जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. पत्र हाती आलेले आहे, आता त्या पत्रामागचा हिशेब हाती आला पाहिजे.

सूरजागडच्या संदर्भात हे काम कसे करता येईल, त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण पर्यावरण मंजुरीचे. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट घ्यायची असते. ऑक्टोबर २०२२ ची सूरजागड विस्ताराची सुनावणी गडचिरोलीच्या मुख्यालयी झाली, येथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. आघाताच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, म्हणून तो मराठीत येतो, पण ज्या घरात माडिया बोलली जाते तेथे मराठीही कचेरीचीच भाषा असते. आता असे करा. मंजुरीपत्र ‘परिवेश’वरून उतरवून घ्या. त्यात अटी क्रमवार दिलेल्या असतात. धूळ, पाणी, वाहतूक, झाडे, आरोग्य. कंपनीने दर सहा महिन्यांनी या अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल आणि आपल्या वहीतील नोंद, म्हणजे कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या महिन्यात लाल झाले, रस्त्यावरून तासाला किती गाड्या गेल्या, कोणत्या शेतावर धूळ बसली, हे समोरासमोर मांडा. घोषणेला पोलीस उत्तर देतात. तारीखवार नोंदीला मात्र कचेरीला लेखी उत्तर द्यावे लागते, निदान ते टाळल्याचे लेखी राहते.

दुसरे उदाहरण पैशाचे. २०१५ च्या दुरुस्तीने खाणकामाच्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात भरावी लागते. सूरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणजे सरकारकडे स्वामित्वधनाचे शंभर रुपये गेले की त्यावर तीस रुपये बाधितांसाठी जमा झाले पाहिजेत. खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतील क्षेत्र प्रत्यक्ष बाधित मानले जाते. त्याची गाववार यादी, जमा रक्कम, बैठकींचे वृत्तान्त आणि वार्षिक आराखडा प्रतिष्ठानाने प्रसिद्ध करायचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता लागते आणि झालेल्या कामांचा अहवाल दरवर्षी ग्रामसभेला द्यावा लागतो. तेव्हा प्रश्न साधे आहेत. आमचे गाव यादीत आहे काय? आमचा टोला आहे काय? आमच्या नावावर कोणते काम दाखवले आहे? त्या कामाला आम्ही कोणत्या तारखेला मान्यता दिली? यादी संकेतस्थळावर मिळाली नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज आहेच. कलम ४ प्रमाणे ही माहिती मागण्यापूर्वीच जाहीर असली पाहिजे, हेही अर्जात लिहावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, येथे मोबाइलला रेंज नाही. खरे आहे. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी जाणाऱ्या एकाने तक्ते छापून आणावेत आणि ते गोटुलात मोठ्याने वाचावेत, माडियात समजावून सांगावेत. संकेतस्थळ एकाने उघडले तरी चालेल, आकडा मात्र सर्वांनी ऐकला पाहिजे. दुसरा आक्षेप, आपणच जमवलेली माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाईल. ही भीती निराधार नाही. म्हणून गावाच्या वहीत माणसांची खासगी माहिती, औषधी वनस्पतींच्या जागा आणि देवस्थानांचे नकाशे बाहेर द्यायचे की नाहीत, हे ग्रामसभेने ठरवावे. वही गावाची आहे, कार्यकर्त्याची नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. आकड्यांनी खाण थांबते काय? मी तुम्हाला तसे आश्वासन देणार नाही. आकडा हा संघटनेची जागा घेऊ शकत नाही. लोहियांच्या तीन आण्यांनी देशाचे दारिद्र्य संपले नाही. परंतु त्यानंतर सरासरीच्या आड लपणे सत्ताधाऱ्यांना पूर्वीइतके सोपे राहिले नाही. ज्या प्रदेशात दोन्ही बाजूंनी बंदुकीची भाषा बोलली गेली, तेथे आपले म्हणणे पुराव्यानिशी, नावानिशी, तारखेनिशी मांडणारी ग्रामसभा ही लोकशाहीची सर्वांत मोठी ताकद आहे. तिला नक्षलवादी म्हणून बाजूला सारणे अवघड जाते आणि अडाणी म्हणून हिणवणेही.

शेवटी तातडीचे काम सांगतो. नवी जनगणना समोर आहे. ती होईपर्यंत प्रत्येक कार्यकर्त्याने निदान एका गावाची वही पुरी करावी. टोलेनिहाय घरे, माणसे, विहिरी, शाळेत जाणारी आणि न जाणारी मुले, वनोपजावर जगण्याचे महिने. गणना करणारा दारात येईल तेव्हा एकही टोला सुटता कामा नये, वनात गेलेले कुटुंब गैरहजर म्हणून वगळले जाऊ नये आणि मातृभाषेच्या रकान्यात माणूस जी भाषा सांगेल तीच लिहिली गेली पाहिजे. खाणीनंतरच्या सूरजागडची ही पहिली गणती असेल. पुढची निदान दहा वर्षे शाळा, दवाखाने, निधी आणि मतदारसंघ या आकड्यावर ठरतील. तो आकडा संकेतस्थळावर झळकेल तेव्हा शेजारी ठेवायला आपली वही तयार असली पाहिजे.

आजच्या दुपारच्या सत्रात आपापल्या गावाचा संकेतांक शोधून काढू या. कामाची सुरुवात तेथूनच करावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.